वाकलेलं हँडल सरळ करावं की बदलावं?

प्रश्न : आमचं गाव पोहरादेवीजवळच. रामनवमीच्या यात्रेच्या दिवसांत दिग्रसकडून मोटारसायकलवर परतत होतो. दिवेलागणीला रोही (नीलगाय) आडवा आला. करकचून ब्रेक दाबला आणि गाडी उजव्या कुशीवर पडून घसरत गेली. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे खरचटण्यावर निभावलं. पण आता चाक सरळ ठेवलं की हँडल तिरकं दिसतं आणि उजवी मूठ मागे आल्यासारखी वाटते. मिस्त्री म्हणतात, लांब पाईप घालून पाच मिनिटांत सरळ करून देतो. वडील म्हणतात, लोहार विळा अन् फाळ तापवून सरळ करतो, मग हँडलला काय झालं? मला नवं हँडल टाकावंसं वाटतं, पण का ते सांगता येत नाही. लोखंड वाकून पुन्हा सरळ केलं की ते पहिल्यासारखं होतं का?

— एक वाचक, पोहरादेवी परिसर (ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : होत नाही. दिसायला पहिल्यासारखं होतं, ताकदीने होत नाही. म्हणून हँडलचा पाईप खरोखर वाकला असेल तर नवा टाका. तुम्हाला वाटलं ते बरोबर आहे. मात्र पैसे घालण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. पडलेल्या गाडीचं हँडल तिरकं दिसतं तेव्हा अनेकदा हँडल वाकलेलंच नसतं, त्याच्या खालची जोडणी फिरलेली असते. तसं असेल तर नवा भाग न घेताही गाडी सरळ होते.

वाकलंय की फिरलंय?

पुढचं चाक दोन शॉकअपच्या मध्ये असतं. हे दोन्ही शॉकअप वरच्या आणि खालच्या ‘टी’मध्ये बोल्टने आवळलेले असतात. वरच्या टीवर दोन क्लॅम्प असतात आणि त्या क्लॅम्पच्या पकडीत हँडलचा पाईप बसतो. म्हणजे गाडी पडल्यावर तिरकेपणा तीन ठिकाणी येऊ शकतो. शॉकअपचे पाईप टीच्या पकडीत थोडे फिरतात, हँडल क्लॅम्पमध्ये सरकतं, किंवा हँडलचा पाईप स्वतःच वाकतो. काही गाड्यांत क्लॅम्पखाली रबरी बुश असतात. ते एका बाजूने दबले किंवा फाटले तरी हँडल कललेलं दिसतं.

ओळखण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घ्या. दोन्ही शॉकअपच्या वरच्या टोप्यांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा. या पट्टीपासून दोन्ही मुठींची टोकं सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उंचीवर असायला हवीत. ती तशी असतील आणि तरीही चाक एका बाजूला पाहत असेल, तर हँडल ठीक आहे, टी आणि शॉकअपची जोडणी फिरली आहे. मुठींच्या अंतरात फरक असेल, तर पाईप वाकलाय किंवा क्लॅम्पमध्ये सरकलाय. बहुतेक हँडलांवर एक छोटा ठिपका ठोकलेला असतो. तो क्लॅम्पच्या दोन भागांच्या सांध्याशी जुळलेला असतो. ठिपका जागेवर आहे आणि तरी मूठ मागे आली आहे, याचा अर्थ पाईप वाकला.

जोडणी फिरली असेल तर उपाय सोपा आहे. खालच्या टीचे, वरच्या टीचे, मडगार्डचे बोल्ट आणि चाकाच्या एक्सलचा नट सैल करा. पूर्ण काढू नका, नाहीतर शॉकअप खाली घसरतील. चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल उलट दिशेने हळूहळू फिरवून जागेवर आणा. मग गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून धरा आणि तीन-चार वेळा शॉकअपवर भार द्या, म्हणजे दोन्ही पाईप आपापल्या जागी नीट बसतील. त्यानंतर सगळे बोल्ट पक्के आवळा. हे काम कोणताही जाणता मिस्त्री थोड्या वेळात करून देतो.

तुम्ही लिहिता की चाक सरळ ठेवल्यावर हँडल तिरकं दिसतं आणि उजवी मूठही मागे आली आहे. या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत. गाडी उजवीकडे जोरात आदळल्यामुळे तुमच्या गाडीत जोडणीही फिरली असेल आणि पाईपही वाकला असेल. दोन्ही तपासा.

लोखंडाच्या आत काय घडतं?

आता तुमचा मुख्य प्रश्न. लोखंडावर थोडा जोर दिला की ते लवतं आणि जोर काढला की मूळ जागी येतं. खड्ड्यातून जाताना तुमचं हँडल रोज असं लवत असतं, ते तुम्हाला दिसत नाही. पण जोर एका हद्दीपलीकडे गेला की धातूच्या कणांचे थर एकमेकांवरून कायमचे सरकतात. जोर काढला तरी ते परतत नाहीत. गाडी पडल्यावर तुमच्या हँडलच्या वाकलेल्या भागात हेच झालं.

ते सरळ करायचं म्हणजे त्याच थरांना उलट दिशेने पुन्हा हद्दीपलीकडे ढकलायचं. आधीच ताणला गेलेला भाग आता दाबला जातो, दाबला गेलेला ताणला जातो. दर वेळी धातू त्या जागी अधिक कडक आणि अधिक ठिसूळ होत जातो. बांधकामावर सळया बांधायची तार हाताने एकाच जागी मागे-पुढे वाकवली तर काही वेळातच ती तुटते, हे तुम्ही केलेलं असेल. पहिल्या वाकण्याने ती तुटत नाही, परतीच्या वाकण्यांनी तुटते. हँडल सरळ करणं म्हणजे ते पहिलं परतीचं वाकणं.

यात आणखी एक गुंता आहे. जर्मनीत म्युनिकला योहान बाउशिंगर नावाच्या अभियंत्याने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात धातूंवर प्रयोग करून दाखवलं की, एका दिशेने हद्दीपलीकडे नेलेला धातू उलट दिशेच्या जोराला आधीपेक्षा लवकर शरण जातो. आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हा परिणाम त्यांच्याच नावाने शिकवतात. म्हणून एकदा वाकून सरळ झालेलं हँडल पुढच्या वेळी गाडी नुसती स्टँडवरून कलंडली तरी वाकू शकतं.

शिवाय हँडल ही भरीव सळई नसते, तो पोकळ पाईप असतो. पोकळ पाईप वाकला की त्या जागी त्याचा गोलपणा जातो, तो चपटा होतो. बाहेरच्या अंगाला भिंत ताणून पातळ होते, आतल्या अंगाला सुरकुती पडते. तुम्ही पाईप सरळ केला तरी चपटेपणा आणि सुरकुती जात नाहीत. पाईपची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या गोलाईवर आणि भिंतीच्या जाडीवर अवलंबून असते, तीच इथे कमी झालेली असते.

थोडा हिशेब मांडतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींच्या हँडलचा पाईप मुठीपाशी २२ मिलिमीटर व्यासाचा असतो. भिंत २ मिलिमीटरची धरू. पुढचा ब्रेक दाबल्यावर शरीर पुढे झुकतं. तेव्हा एका हातावर ३० किलोंचा भार आला आणि हात क्लॅम्पच्या कडेपासून २५ सेंटिमीटर दूर असला, तर त्या कडेपाशी पाईपमध्ये दर चौरस मिलिमीटरला सुमारे १३० न्यूटन ताण येतो. साध्या पोलादाची कायमचं वाकण्याची हद्द साधारण २५० न्यूटनच्या आसपास असते. म्हणजे धडधाकट पाईपला जवळजवळ दुप्पट मोकळीक आहे. खोल खड्डा लागला किंवा मागे माणूस आणि सामान असलं की ही मोकळीक कमी होते. त्यात पाईप चपटा झालेला आणि त्या जागी बारीक भेग असेल, तर मोकळीक उरतच नाही.

भेगेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात अनेक माणसं दगावली. आस जड भाराने एकदम मोडला नव्हता. रोजच्या सोसण्याजोग्या भाराने त्यात हळूहळू भेग वाढत गेली होती. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्यूलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि धातूचा ‘थकवा’ समजावून दिला. एका भाराने न तुटणारा धातू तोच भार लाखो वेळा बसल्यावर तुटतो. तुमचं हँडल प्रत्येक किलोमीटरला असे शेकडो धक्के घेत असतं. सरळ करताना पडलेली केसाएवढी भेग आज दिसत नाही, क्रोमच्या थराखाली ती झाकलेली असते. काही महिन्यांनी ती पाईपभर पसरते आणि ब्रेक दाबण्याच्या क्षणी मूठ हातात येते. हँडल बहुतेक वेळा क्लॅम्पच्या कडेपाशीच तुटतं, कारण तिथे ताण सर्वाधिक असतो.

वडिलांच्या लोहाराचं काय?

वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. लोहार विळा किंवा फाळ सरळ करतो तेव्हा तो भरीव लोखंड भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवतो. त्या तापमानाला सरकलेले थर मोडून धातूची रचना नव्याने बसते, जुना कडकपणा निघून जातो. मग घणाने हवा तो आकार देतो आणि शेवटी धारेला पाणी देतो, म्हणजे लागेल तितका कडकपणा परत आणतो. लोहार धातूचा गुण मोडतो आणि पुन्हा घडवतो. त्याच्या विद्येचा पाया हाच आहे.

हँडलच्या पाईपवर गॅसकटरची ज्योत धरून तो वाकवला जातो तेव्हा यातलं अर्धंच काम होतं. पातळ पाईप एकाच जागी तापतो, बाकीचा थंड राहतो. कारखान्यात थंड ओढून आणलेली त्याची ताकद त्या पट्ट्यात निघून जाते आणि ती परत आणायला तिथे कोणी काही करत नाही. क्रोम जळतं, त्यातून गंज शिरतो. विळा मऊ राहिला तर धार लवकर बोथट होते, एवढंच नुकसान. हँडल मऊ राहिलं तर माणूस पडतो. म्हणून वडिलांना सांगा की लोहाराचं काम खरंच आहे, पण गाडीच्या हँडलवर ते काम पूर्ण होत नाही.

काही महागड्या गाड्यांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं हँडल असतं. त्याला तर ज्योत दाखवूच नये. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शिवाय पोलादावर ठरावीक हद्दीखालचा ताण कितीही वेळा आला तरी सहसा थकवा येत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित हद्द नसते. ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं की ते बदलायचं, दुसरा विचार करायचा नाही.

वाकड्या हँडलने गाडी चालतेच, मग बिघडतं काय?

असंही अनेक जण म्हणतात, म्हणून सांगतो. मोटारसायकल ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेली की ती कलून वळते. डावीकडे वळायचं तर आपण नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि वळण घेते. हे आपण शिकलेलं नसतं, हातांना सवय झालेली असते. दोन्ही मुठी सारख्या अंतरावर असतात तेव्हा ती सवय बरोबर चालते. एक मूठ मागे आली की दोन्ही हातांचा जोर सारखा राहत नाही. रोही, रानडुक्कर किंवा समोरून आलेला ट्रक चुकवताना नेमका तोच अर्धा सेकंद हुकतो.

तुमची उजवी बाजू वाकली आहे, यात आणखी मोठा धोका आहे. रेसची मूठ त्याच बाजूला असते. ती पाईपवर मोकळी फिरायला हवी आणि सोडताच आपोआप परत यायला हवी. पाईप मुठीच्या आत किंचित जरी वाकला तरी मूठ अडकते. रेस दिली आणि ती परत आलीच नाही, तर गाडी थांबवायला वेळ मिळत नाही. म्हणून नवं हँडल येईपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका. पुढच्या ब्रेकचं लिव्हरही वाकलं किंवा त्याच्या टोकाचा गोळा तुटला असेल, तर तेही सोबत बदला.

हँडलसोबत आणखी काय पाहावं?

हँडल वाकवण्याइतका मार बसला असेल, तर तो मार पुढेही गेला असण्याची शक्यता आहे. चार गोष्टी पाहा.

पहिली, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यभागी ते अडकल्यासारखं किंवा खाच लागल्यासारखं वाटलं, तर कोनसेटच्या वाटीत छऱ्यांचे खड्डे पडले आहेत. तो बदलावा लागेल.

दुसरी, शॉकअपचे पाईप. समोर बसून दोन्ही पाईप एका नजरेत पाहा. ते एकमेकांना समांतर हवेत. शंका आली तर पाईप काढून लेथवर फिरवून गेजने मोजून घ्या. काही कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत यासाठी ०.२ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते.

तिसरी, दोन्ही चाकांची रेष. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढे आणा. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्ही दोऱ्यांपासून त्याचं अंतर सारखं हवं. नसेल तर चेसी तपासावी लागेल आणि ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्यावं.

चौथी, हँडल दोन्ही बाजूंना जिथे थांबतं ते स्टॉपर. ते तुटले असतील तर हँडल टाकीवर आदळतं आणि वायरी ताणल्या जातात.

नवं हँडल कसं बसवावं?

तुमच्या मॉडेलचंच हँडल घ्या. रुंदी, उंची आणि मागचा बाक जुळला नाही तर क्लचची वायर किंवा डिस्कचा पाईप तोकडा पडतो. नेहमीच्या साध्या गाड्यांचं हँडल काही शे रुपयांत मिळतं. मधल्या भागात क्लॅम्पसाठी खरखरीत पकड आहे का आणि स्विचच्या खुंटीसाठी भोक योग्य जागी आहे का, ते दुकानातच पाहा.

जुनं हँडल काढण्याआधी मोबाईलवर वायरींच्या वाटेचे फोटो काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर ऑइलची डबी सरळ उभी राहील अशी बांधून ठेवा, नाहीतर आत हवा शिरते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून टाकीवर फडकं टाका. मूठ निघत नसेल तर तिच्याखाली साबणाचं पाणी सोडा. बसवताना तेल किंवा ग्रीस वापरू नका, मूठ कायम फिरत राहील.

हँडलवरचा ठिपका क्लॅम्पच्या सांध्याशी जुळवा. क्लॅम्पचे चारही बोल्ट आधी हलके लावा. पुष्कळ गाड्यांत पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळायचे असतात आणि मग मागचे. अशा वेळी क्लॅम्पच्या मागच्या बाजूला दिसणारी फट ठेवलेलीच असते, ती मिटवण्यासाठी जोर लावू नका. तसं केलं की ॲल्युमिनियमच्या टीमधले आटे जातात आणि मग संपूर्ण टी बदलावी लागते. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर इतकीच आवळण लागते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम माना.

रेसची मूठ बसवताना तिचं टोक आणि हँडलच्या टोकाचं वजन यांत एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. हे वजन शोभेचं नसतं. इंजिनाच्या कंपनाने हँडल थरथरू नये आणि लांबच्या प्रवासात हाताला मुंग्या येऊ नयेत, यासाठी ते दिलेलं असतं. पडताना ते हरवलं असेल तर नवं लावा.

शेवटी इंजिन सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. कुठेही इंजिनाचा आवाज वाढला, तर वायर ताणली जात आहे. ती वाट बदलून सोडा. रेस देऊन सोडा, मूठ टपकन परत आली पाहिजे. दोन्ही ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा तपासा. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा पाहून घ्या.

प्रश्न : हँडल बदलायचंच आहे तर उंच किंवा छोटं, फॅशनचं हँडल टाकलं तर चालेल का?

— एक वाचक, कारंजा (लाड)

उत्तर : चालणार नाही. कंपनीने दिलेल्या प्रकारचंच हँडल टाकलं तर ती दुरुस्ती ठरते. वेगळ्या मापाचं टाकलं तर तो गाडीतला बदल ठरतो. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कायद्याइतकंच कारण सुरक्षिततेचं आहे. हँडलची रुंदी आणि उंची ही चाकाचा कोन, शॉकअपची लांबी आणि बसण्याची जागा यांच्याशी जुळवून ठरवलेली असते. आखूड हँडलला वळवताना जास्त जोर लागतो. फार उंच हँडलवर हात खांद्यापर्यंत जातात आणि अचानक ब्रेक मारताना शरीर सावरता येत नाही.

प्रश्न : पडलेल्या गाडीचं हँडल विम्यातून मिळेल का?

— एक वाचक, दिग्रस

उत्तर : तुमचा विमा फक्त तृतीय पक्षाचा असेल तर मिळणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर मिळू शकतो. त्यात दुचाकीसाठी १०० रुपये अनिवार्यपणे मालकाने सोसायचे असतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो, तर रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के. पण दावा केला की पुढच्या वर्षीची ‘नो क्लेम’ सवलत जाते. ही सवलत पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. नुसतं हँडल आणि लिव्हर बदलायचं असेल तर दावा न केलेला बरा. शॉकअप, टी, चेसी यांनाही मार असेल तर मात्र गाडी उघडण्याआधीच कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा.

पोहरादेवीच्या वाटेवर येणाऱ्यांसाठी

पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान आणि बंजारा समाजाची काशी. रामनवमीला महाराष्ट्रातल्या, तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या तांड्यांवरून भाविक इथे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाल्यापासून यात्रा नसतानाही लोक येऊ लागले आहेत. यातले कितीतरी जण मोटारसायकलवर, मागे घरचं माणूस आणि सोबत सामान घेऊन लांबून येतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या लमाणांची ही नवी वाट आहे, आणि ती सुखरूप पार पडावी अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

हँडलला पिशव्या, नारळाचं गाठोडं, पाण्याची कॅन अडकवू नका. लोंबती पिशवी वळताना टाकी आणि हँडलच्या मध्ये अडकते, एका बाजूचं वजन हात ओढत राहतं आणि पाईपवर कायमचा भार येतो. सामान मागच्या कॅरिअरला बांधा.

दिवेलागणीला आणि पहाटे वेग कमी ठेवा. रोही याच वेळी शेतातून बाहेर पडतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकतं. एक दिसला की थांबा, कारण बहुधा त्याच्यामागे दुसरा येतो. काळ्या मातीचा गाळ ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येतो, तिथे फक्त पुढचा ब्रेक दाबू नका.

निघण्याच्या आधी हँडलचे चारही बोल्ट आणि क्लॅम्पच्या कडेचा पाईप हाताने आणि नजरेने तपासा. क्रोमवर आडवी रेघ, गंजाची वर्तुळाकार खूण किंवा सोललेला रंग दिसला, तर ती भेग असू शकते. त्या हँडलवर यात्रेला निघू नका.

आणि तुम्हाला, मूळ प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला, शेवटचं सांगणं. नवं हँडल बसलं की जुना पाईप मिस्त्रीच्या कोपऱ्यात ठेवून येऊ नका. तो तिथे राहिला तर उद्या कोणीतरी तो सरळ करून दुसऱ्या गरजू माणसाच्या गाडीला लावेल. हॅक्सॉने त्याचे दोन तुकडे करायला सांगा आणि मग भंगारात द्या.